चवखाई

पातेल्यात फक्त पाणी आहे, हे आधी सगळ्यांना दाखवण्यात आलं. कोलशेतच्या गोमाजी म्हात्र्यांच्या अंगणात त्या शुक्रवारी दोनशे तरी माणूस होतं, आणि पहिल्या चार रांगांनी वाकून वाकून पातेलं बघून घेतलं. मीही बघितलं. उकळतं पाणी, त्यात सगळ्यांसमोर टाकलेलं मूठभर मीठ आणि तळाला एक पोचा. याखेरीज काही नव्हतं.

रसेश्वर महाराज पाटावर बसले होते. दाढी काळीभोर, कफनी भगवी, मनगटांवर तेलाचे चटके बसल्याचे जुने डाग. ते डाग धुनीचे आहेत, असं त्यांचा शिष्य सांगत होता.

"चव कुठे असते?" महाराजांनी विचारलं. "जिभेवर? चूक. भांड्यात? चूक. चव म्हणजे अन्नाचा आत्मा. आत्मा गेला की मागे काय राहतं?"

"मढं," शिष्य म्हणाला. उत्तर त्याला पाठ होतं.

"मढं. तुम्ही रोज दोन वेळा मढं गिळता आणि वर ढेकर देता. आता आत्मा परत येताना बघा."

त्यांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले, आणि चांदीच्या डबीतून चिमूटभर पांढरा अंगारा पाण्यात सोडला. अंगारा राखेसारखा नव्हता, चकाकत होता. मग पळी फिरली आणि द्रोणांतून ते पाणी वाटलं गेलं.

गावातली सगळ्यात वयस्क बाई, सखुबाई, द्रोणाला तोंड लावून तशीच थांबली.

"खाडीतल्या निवट्यांचं कालवण," ती हळूच म्हणाली.

"छे, कोंबडीचा रस्सा," मागून कुणीतरी म्हणालं. "लग्नातला."

"माज्या आयशीच्या हातचा," तिसरा म्हणाला, आणि हा चांगला दांडगा माणूस डोळे पुसू लागला.

मीही घोट घेतला. खोटं कशाला सांगू? मलाही आलं. पाण्यात नसलेलं काहीतरी जिभेवर पसरलं, भरीव, मांसाच्या रश्श्यासारखं, आणि गिळल्यावरही तिथेच रेंगाळलं. माझी बी.ए.ची पदवी त्या घोटाबरोबर घशाखाली गेली. हसायला म्हणून गेलेल्या माणसाला असं होतं तेव्हा तो फार घाबरतो.

आणि मग महाराजांनी डोळे उघडले.

"ही चव या घरातलीच आहे," ते म्हणाले. "वैशाखात घरधनीण दगडाबाई गेली. त्या दिवसापासून या घरातल्या आमटीला चव नाही, भाजीला चव नाही. दहाव्याला कावळा तासभर शिवला नाही. गोमाजी, खरं की खोटं?"

"खरं," गोमाजी म्हणाला. सत्तरीचा म्हातारा, गळ्यात तुळशीची नवी माळ. पाच महिन्यांत निम्मा उरला होता.

"चव आपोआप जात नाही. कुणीतरी खातं. चवखाई खाते. आधी ती अन्नाची चव खाते, मग घराची झोप खाते, मग रक्त." महाराजांचं बोट सावकाश उठलं आणि मागच्या पडवीकडे वळलं. "ती तिथे बसलीय."

दोनशे माणसांनी एकदम मान वळवली. मागच्या रांगेतल्या बायकांनी आपापली पोरं पदराखाली ओढली.

पडवीच्या खांबाला टेकून गोमाजीची सून बसली होती. शेवंती. वय बावीस असेल. आत ओटीवर तिची चार महिन्यांची मुलगी रडत होती, आणि त्या रडण्यासरशी शेवंतीच्या चोळीवर दुधाचे दोन ओले गोल पसरत चालले होते.

"बघा," महाराज म्हणाले. "तान्हीचा जीव ओढतेय. हिचं दूध तोडलं म्हणून ती पोर अजून आहे."

दूध तोडून पाच दिवस झाले होते. पोरीला बाटलीतून पावडरीचं पातळ दूध आणि चमचाभर अंगाऱ्याचं पाणी चाललं होतं. दोन दिवसांपासून तिला जुलाब होत होते. तीही चवखाईचीच करणी.

"सोमवारी सर्वपित्री अमावास्या," महाराजांनी जाहीर केलं. "दुपारी बाराला तांब्याचा पैसा तापवून हिच्या जिभेवर डाग द्यायचा. चव खाणारी जीभच राहिली नाही, की चव घरी परत."

शेवंतीचा नवरा गोविंदा आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत राहिला.

*

मी तिथे कसा, ते सांगतो. मी नौपाड्याच्या एका शाळेत मराठी शिकवायचो. साल एक्क्याण्णव. आमच्या शाळेचा शिपाई दामाजी भोईर हा शेवंतीचा सख्खा काका. आयुष्याची चाळीस वर्षं त्याने खाडीकाठच्या मिठागरांत काढलेली. मिठागरं बंद पडली तेव्हा शाळेची घंटा वाजवायला आला. त्या दिवशी दुपारी त्याने घंटा पाच मिनिटं आधी दिली आणि मला म्हणाला, "सर, तुमी शिकलेले. एकदा येऊन बघा. माझी पुतनी जलवतील ते."

मी बघायला गेलो आणि घोट पिऊन गप्प बसलो. माझ्या शिक्षणाचा तिला झालेला उपयोग एवढाच.

गर्दी पांगल्यावर आम्ही पडवीत गेलो. शेवंतीच्या वाटेतून लोक अंग चोरून जात होते. तिने भरलेल्या हंड्याला कुणी हात लावत नव्हतं. तिने आमच्यासमोर पाण्याचे पेले ठेवले, आणि मी उचलतो की नाही ते बघत राहिली. मी उचलला. एका दमात संपवला.

"काका," तिने दामाजीला विचारलं, "जीब भाजली तर नंतर बोलता येतं?"

दामाजीने तोंड फिरवलं.

मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "शेवंती, तुझ्या सासूबाई आमटीत वेगळं काय घालायच्या?"

ती पटकन उत्तर द्यायला गेली आणि थांबली. तिची नजर ओटीवर बसलेल्या सासऱ्याकडे गेली. त्याच्या गळ्यातल्या माळेवर.

"काय नाय सर," ती म्हणाली. "हात होता आईचा."

दगडाबाईच्या हाताची ख्याती खरी होती. गोमाजी सोमवार-गुरुवार आणि अख्खा श्रावण पाळणारा, त्या दिवशी मासळीला शिवायचा नाही. पण दगडाबाईचं सोमवारचं साधं वरणसुद्धा शेजारपाजारची माणसं वाटी घेऊन मागायला यायची. ती गेली आणि दुःखाने गोमाजीने माळच घातली. घरातल्या बोंबलाच्या लडी, सुकटीचे डबे, सगळं त्याने स्वतःच्या हाताने खाडीत सोडलं. एका महिन्यात नात झाली, आणि बाळंतपणातून उठल्यावर शेवंतीने चूल हाती घेतली. तेव्हापासून ताटं अर्धी टाकली जाऊ लागली. आधी लोक म्हणाले, सुनेला हात नाही. मग म्हणाले, सुनेच्या हातात काहीतरी आहे. ते काहीतरी काय, हे सांगायला महाराज आले.

निघताना दामाजीने धोतराच्या कनवटीला एक पुडी खोचली. गोविंदाच्या देवघरातून त्याने चिमूटभर अंगारा उचलला होता. पाप केल्यासारखा चेहरा करून तो रिक्षात बसला.

*

शनिवारी सकाळी शिक्षकांच्या खोलीत दामाजीने ती पुडी टेबलावर उघडली. तिथे मी होतो आणि शास्त्र शिकवणाऱ्या शीलाबाई होत्या. शीलाबाई बुटक्या, चष्मेवाल्या, आणि कुणी मोठ्याने बोलू लागलं की स्वतःचा आवाज खाली नेणाऱ्या.

"सर, यो मीठ नाय," दामाजी म्हणाला. "आनि राख तर नायच."

"कशावरून?" शीलाबाईंनी विचारलं.

"बाई, चालीस वरसं मीठ काढलाय. मिठाचा खडा बारीक करा, अजून बारीक करा, तो चौकोनीच ऱ्हातो. लहान पेटीसारखा. यो बघा." त्याने काळ्या पुठ्ठ्यावर अंगारा पसरला. "यो लांबट हाय. सुईसारखा. असा खडा आमच्या कोनत्याच आगरान कधी पडला नाय."

मी आदल्या दिवशी तोच अंगारा बघितला होता आणि मला त्यात परब्रह्म चकाकताना दिसलं होतं. शीलाबाईंनी प्रयोगशाळेतलं भिंग आणलं. पुठ्ठ्यावर खरोखरच बारीक बारीक काड्या होत्या, पारदर्शक, टोकं साफ. त्यांनी एक काडी जिभेच्या शेंड्यावर ठेवली आणि बराच वेळ भिंतीकडे बघत राहिल्या.

"हे मी खाल्लंय," त्या म्हणाल्या. "कल्याणला. स्टेशनबाहेरच्या चायनीजच्या गाडीवर. सूपमध्ये."

रविवारी शीलाबाई आणि मी नौपाड्यातल्या एका जुन्या किराणा दुकानात गेलो. मालक चांगदेवशेठ. शीलाबाईंनी चायनीजवाले वापरतात ती पांढरी पूड मागितली. "अजिनोमोटो," म्हणत शेठनी पुडकं काढून दिलं.

"घरी करताय का बाई? पोरं सोडत नाहीत हल्ली. माझ्याकडून गाडीवाले नेतात. आणि एक दाढीवाले आहेत, भगव्या कपड्यातले, ते नेतात. पूर्वी कल्याणला गाडी होती त्यांची. आता धंदा बदलला म्हणे. माल मात्र तोच लागतो."

मी पुडकं घट्ट धरून उभा राहिलो. सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी दोनशे माणसं एकदम मान वळवतात तेव्हा कसा आवाज होतो, तो आठवला.

परतताना आम्ही एका पोलीस चौकीत जाऊन आलो. तिथल्या गृहस्थांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "जीभ भाजली का?"

"उद्या भाजणार आहेत."

"मग उद्या भाजल्यावर या. न घडलेल्या गोष्टीची नोंद कशी करणार?"

ते चुकीचं काही बोलत होते असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही.

*

सोमवारी अकरालाच अंगण भरलं होतं. शेजारच्या पाड्यांतूनही माणसं आली होती. मधोमध शेगडी पेटलेली, तिच्यात जुना जाड ढब्बू पैसा, बाजूला लांब चिमटा. शेवंतीला न्हाऊ घालून, हिरवं लुगडं नेसवून पाटावर बसवलं होतं. तिच्या दोन्ही खांद्यांवर दोन बायकांचे हात होते. आतलं रडणं बारीक झालं होतं. मांजराच्या पिल्लासारखं. मला त्या पैशापेक्षा त्या बारीक झालेल्या आवाजाची जास्त भीती वाटली.

शीलाबाई आल्या आल्या आधी आत गेल्या. पोरीचे डोळे खोल गेले होते. त्यांनी बाटली उचलून मोरीत ओतली आणि साखर-मिठाचं पाणी चमच्याने पाजायला एका बाईला बसवलं. मग बाहेर येऊन महाराजांना नमस्कार केला.

"महाराज, डाग द्यायच्या आधी मलाही एक पातेलं पाणी तापवू द्या. माझ्याकडे मंत्र नाही. एवढंच."

महाराजांना नकार देता येईना, कारण सखुबाई म्हणाली, "करू दे की. बाईमानूस हाय, मास्तरीन हाय. काय करते बघू."

पाणी उकळलं. मीठ पडलं. शीलाबाईंनी पुडकं फोडलं, चिमूट टाकली आणि ढवळलं. द्रोण फिरले. पुन्हा ते थांबणं. सखुबाईने ओठ चाटले.

"तोच," ती म्हणाली. "निवट्यांचा."

मला वाटलं, संपलं. तसं काही संपत नसतं. महाराज पाटावरून उठले, दोन्ही हात जोडले आणि गदगदून म्हणाले, "माते, मी ओळखलं नाही. तुझ्याही हातात सिद्धी आहे."

आणि पहिल्या रांगेतल्या तीन बायका शीलाबाईंच्या पाया पडल्या. मागच्या रांगा पुढे सरकल्या. माणूस किती चटकन देव होतो, ते मी हाताच्या अंतरावरून बघितलं. शीलाबाई मागे सरल्या, तर मागेही कुणीतरी वाकलेलं.

"उठा," त्या म्हणाल्या. आवाज इतका खाली गेला होता की ऐकायला लोकांना गप्प व्हावं लागलं. "सखुबाई, इकडे या. तुमच्या अंगात सिद्धी आहे का?"

"माझ्या? माझ्या अंगान संधिवात हाय."

"मग तुम्ही टाका. नवं पाणी घ्या. मंत्र नको. टाकताना वाटलं तर मला शिव्या द्या."

सखुबाईने पुडक्यात बोटं घातली, घाबरत घाबरत चिमूट पाण्यात सोडली आणि हात झटकला, जणू चटका बसेल. ढवळलं. चाखलं. पुन्हा चाखलं. मग तिने पुडकं उलटसुलट करून बघितलं.

"हे काय हाय?"

"चायनीजच्या गाडीवर घालतात ते. नौपाड्यात दुकानात मिळतं. महाराजही तिथूनच नेतात." शीलाबाईंनी अंगाऱ्याची पुडी आणि पुडकं शेजारी शेजारी काळ्या पुठ्ठ्यावर ओतलं. "दामाजी, सांगा."

दामाजीने सांगितलं. मिठागरांत आयुष्य गेलेली आठ-दहा म्हातारी माणसं पुढे आली आणि पुठ्ठ्यावर वाकली. खड्यांच्या बाबतीत त्यांना कुणी शिकवू शकणार नव्हतं. "सारखाच," एक म्हणाला. "दोनी सुईचे," दुसरा म्हणाला.

शीलाबाई बोलत होत्या. "ही एक चव आहे. गोड, आंबट, खारट, कडू असते तशीच. आपल्याकडे तिला वेगळं नाव नाही. एका जपानी प्राध्यापकाने समुद्रातलं शेवाळ उकळून ती वेगळी काढली. जपानी तिला उमामी म्हणतात. पिकलेल्या टोमॅटोत असते, कोंबडीच्या रश्श्यात असते, सुकवलेल्या मासळीत तर ठासून भरलेली असते. या पुडीत तीच आहे, नुसती. म्हणून पाण्याला कालवणाची चव आली. पाण्याचा आत्मा बित्मा कुठे गेलेला नव्हता."

गर्दीत कुणीतरी हसलं. पण महाराज हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. हा माणूस मूर्ख नव्हता, म्हणून तर मला त्याची भीती वाटायची.

"असेल पूड," ते शांतपणे म्हणाले. "मी म्हणतो, असेल. देव पुडीतून येतो, पाण्यातून येतो. पण बाई, तुमच्या शास्त्राला एक विचारतो. या घरातली चव कुणी खाल्ली?"

"घरात सुकट यायची बंद झाली. म्हणून..."

"सुकट." महाराज गोमाजीकडे वळले. "गोमाजी, सोमवारी तुझ्या पानात सुकट असायची?"

"राम राम. कधीच नाय."

"गुरुवारी? श्रावणात?"

"नाय."

"आणि त्या दिवशी दगडाबाईच्या वरणाला चव होती?"

"होती. तशी कुठंच नव्हती."

"मासळी नव्हती, चव होती. आज मासळी नाही, चवही नाही. मधे काय बदललं? सून चुलीपाशी आली." महाराजांनी चिमटा उचलला. "बोला बाई."

शीलाबाईंकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे कधीच नव्हतं. हसणारं हसायचं थांबलं, आणि अंगणातली हवा पुन्हा शुक्रवारसारखी झाली. शेवंतीपाशी बसलेल्या बायकांनी तिचे खांदे जास्त घट्ट धरले. पैसा शेगडीत डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल झाला होता. दामाजी मधे जायला उठला, त्याला दोघांनी मागून धरलं. गोविंदा अजून अंगठ्यांकडेच बघत होता.

मी शेवंतीकडे बघितलं. ती सासऱ्याकडे बघत होती. तिला काहीतरी माहीत होतं. पैसा चिमट्यात धरला गेला तरी ती ते सांगणार नाही, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं, आणि मी घाबरून आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत ओरडलो, "शेवंती, बोल."

ती बोलली नाही. आतलं रडणं थांबलं होतं.

ते थांबलं आणि शेवंती उठली. खांद्यांवरचे हात तिने कसे झटकले, ते त्या बायकांनाही कळलं नाही. ती आत धावली. सगळ्यांना वाटलं, पोरीकडे गेली. पोरगी साखरपाणी पिऊन झोपली होती. तिच्या छातीवर हात ठेवून शेवंतीने श्वास बघितला, आणि मग ती कोपऱ्यातल्या तांदळाच्या कणगीपाशी गेली. कोपरापर्यंत हात घालून तिने एक डबा बाहेर काढला. वनस्पती तुपाचा जुना पत्र्याचा डबा, झाकणाला फडकं बांधलेलं. तो आणून तिने सासऱ्याच्या पायांपाशी ठेवला.

"आबा," ती म्हणाली, "आईनं मना शपथ घातलेली. पन पोरीपुढं शपथ नाय ऱ्हात."

गोमाजीने फडकं सोडलं. झाकण उघडताच वास आला. खाडीकाठच्या माणसाला तो ओळखायला डोळे लागत नाहीत. जवला. खमंग भाजून, दळून, धणे-मिऱ्यांत मिसळून पिठासारखी केलेली बारीक सुकी कोळंबी.

"ही आईची बुकनी," शेवंती म्हणाली. "सगल्यात घालायची. चिमूटभर. मी माळेच्या घरान कशी घालू? आनि आईचं नाव कसं सांगू?"

गोमाजी डब्यात बघत राहिला.

"सोमवारी?" त्याने विचारलं.

"सोमवारी पन."

"श्रावनान?"

"श्रावनान दोन चिमट्या. तुमी जेवत नव्हते, पान टाकून उठायचे म्हणून."

चाळीस वर्षांचे सोमवार म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरून जात होते. ज्या दारात बारा महिने सुकट वाळते, तिथे एका चिमटीचा वेगळा वास कुणाला येणार? सखुबाईने तोंडावर पदर घेतला. ती रडतेय की हसतेय ते कळेना. तिच्याही घरी असा डबा असावा, असा मला दाट संशय आहे.

महाराजांनी ही संधीसुद्धा सोडली नाही. "बघा," ते म्हणाले, "हाच तो दोष. व्रत मोडलं, घर बाटलं, म्हणूनच..."

"कधी?" गोमाजीने विचारलं.

"म्हणजे?"

"कोप कधी झायला? चालीस वरसं मी जवला खाल्ला, देवापुढं बसून खाल्ला. माझी तीन पोरं जगली. नाव बुडली नाय. मना साधा खोकला नाय आयला." तो उठला. सखुबाईने मंत्राविना चविष्ट केलेल्या पाण्याचं पातेलं त्याने दोन्ही हातांनी उचललं आणि शेगडीवर ओतलं. मोठा फुस्कारा झाला. वाफ खाली बसली तेव्हा ढब्बू पैसा काळा पडला होता. "खाल्ला मी, घातला तिनं, आनि डाग हिला?"

मग तो आत गेला आणि झोपलेली नात उचलून त्याने शेवंतीच्या मांडीवर ठेवली. गोविंदा पहिल्यांदा मान वर करून आला आणि बायकोच्या आडोशाला चादर धरून उभा राहिला. ज्या माणसाला तीन दिवसांपूर्वी बोलता येत नव्हतं, त्याला निदान चादर धरता आली. मी त्याला हसणार नाही. मीही घोट पिऊन गप्प बसलेला माणूस आहे.

पोर प्यायला लागली. शीलाबाई चादरीपलीकडे बघत पुटपुटल्या. मला ऐकू आलं, मग त्यांनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं. "जी चव तुम्ही चोरली गेली म्हणता, ती आईच्या दुधात भरपूर असते. माणूस जन्मल्यावर गोडाबरोबर पहिली हीच चव चाखतो. तुम्ही ती आठ दिवस या पोरीच्या तोंडून काढून घेतली होती, आणि त्याला उपाय म्हणत होता."

खांदे धरणाऱ्या दोन बायका हळूच पाण्याचे हंडे भरायला गेल्या. पहिला हंडा त्यांनी शेवंतीचा भरला.

*

महाराज त्या गडबडीत रिक्षाने निघून गेले. डबी राहिली. पुढे दोनेक वर्षांनी मानपाड्याच्या नाक्यावर एका चायनीजच्या गाडीवर दाढी काढलेला एक ओळखीचा चेहरा मला दिसला. मी सूप मागवलं. चांगलं होतं. ती पूड विष नाही की अमृत नाही. स्वयंपाकात चिमूटभर चालते. फक्त ती टाकताना कुणाच्या सुनेकडे बोट दाखवू नये.

गोमाजीने माळ काढली नाही. शेवंती आता कांदा लालबुंद होईपर्यंत परतते, पिकलेले टोमॅटो आटवून आटवून घालते, आणि म्हातारा पान स्वच्छ करून उठतो. दगडाबाईचा डबा तिच्या फोटोखाली फळीवर आहे, झाकण लावलेला. आत काय आहे, ते कुणी विचारत नाही.

शेवटी एक साधी गोष्ट सांगतो, आणि ती मी तुमच्याइतकीच स्वतःला सांगतो. त्या अंगणात जमलेल्यांत कुणी वाईट नव्हतं. सगळे घाबरलेले होते, आणि घाबरलेल्या माणसाला कारण हवं असतं, लगेच, बोटाने दाखवता येईल असं. चवीचं कारण कणगीत होतं. ते शोधायला पाच महिने कुणी हात घातला नाही, कारण पाटावर बसवायला एक बाई तयार होती. जिला कारण माहीत होतं तीही गप्प राहिली, कारण खरं सांगायची भीती तिला तापलेल्या पैशापेक्षा मोठी वाटली. अशी घरं आपण बांधतो, आणि मग त्यांत बाबा राहायला येतात.

घरातली चव गेली, तर आधी डबे उघडून बघा. बाई नंतर.

आणि डब्यांत उत्तर सापडलं नाही, तर अजून डबे असतील. शोधत राहा. बाईपर्यंत यायची पाळी कधीच येणार नाही.